समुद्राकाठच्या जुन्या पद्मिनीचा रंग कसा जपावा?

मालगुंडला घर, दारात आजोबांची प्रीमियर पद्मिनी, रंग पांढुरका पडलेला, तेव्हा सगळी गाडी नव्याने रंगवून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर एवढ्यात नको. नवा रंग कधीही मारता येतो, कारखान्यातला एकदा खरवडला की गेला.

आधी बोनेटच्या कोपऱ्यावर पांढऱ्या सुती फडक्याने जरासं पॉलिश घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही. मग तो पांढुरका थर म्हणजे उन्हाने करपलेला रंग, आणि बहुतेक वेळा त्याखाली चांगला रंग शिल्लक असतो. हलकं पॉलिश, हाताने, सावलीत. कडक कंपाउंड (रंग घासून काढणारी खरखरीत पेस्ट) आणि मशीन टाळा. कडांवर रंग पातळ असतो, बघता बघता प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, दिसायला लागतो.

पण आपल्याकडे उन्हापेक्षा खारी हवा वाईट. मीठ दमटपणा धरून ठेवतं, म्हणून पाऊस नसतानाही पत्रा गंजत राहतो, आणि तोही आतून. चिपळूणला एक जुने पेंटर होते, सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. फियाट, अँबेसेडर, कुठलीही गाडी येवो, रंगाकडे ते आधी बघायचेच नाहीत. खाली बसायचे आणि दारांच्या तळाला पाणी जायला असलेली भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी करायचे. भिजलेली लाल माती, कुजलेली पानं भसाभस बाहेर यायची. "इथं पाणी साचतंय तोवर वर सोनं लाव, फुगणारच!"

त्यांचा हात बघण्यासारखा होता. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) घासून झाली, प्रायमर बसला, की वर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारायचे. मग रबरी ठोकळ्याला पाणी पेपर (पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर) गुंडाळून घासायचे. जिथे काळं उरलं तिथे खड्डा. तिथे परत लांबी, परत घासणं. गिऱ्हाईक वैतागायचं, चाचा नाही. पावसाळ्यात एनसी रंगाला (नायट्रोसेल्युलोजचा, थिनर उडून वाळणारा जुना रंग) ते हात लावत नसत, कारण थिनर भरभर उडतो, पत्रा गार पडतो आणि हवेतला ओलावा ओल्या रंगावर बसून पांढरी झाक येते. जूनमध्ये गाडी आणणाऱ्याला सरळ दिवाळीनंतर या म्हणायचे. (आजचे टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचे रंग वेगळे, पण दमट हवा त्यांनाही मानवत नाही.)

रोजचं म्हणाल तर कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका, जांभ्याची धूळ ओरखडे पाडते. गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या कमानी आणि खालची बाजूसुद्धा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नको. आंब्याखाली गाडी लावू नका. चीक आणि पक्ष्यांची घाण त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढा. ताडपत्री तर अजिबात नको, आत वाफ धरते. सुती कव्हर चालेल, तेही गाडी कोरडी असताना.

कुठे रंगाला फोड दिसला तर तेवढाच भाग पत्र्यापर्यंत घासून, गंज काढून, इपॉक्सी प्रायमर लावून घ्या. आणि सिलिकॉनचं पॉलिश वापरत असाल तर पेंटरला आधीच सांगा. ते नीट निघालं नाही, तर नव्या रंगात बारीक बारीक खड्डे पडतात आणि शिव्या पेंटरला बसतात.