वाटीत मावा निळा पडला तेव्हा

प्रश्न: लश्कर भागातल्या एका हलवायाकडून आम्ही ३० वर्षं मावा घेतो. यंदा सून म्हणते, "सुटा मावा नको, बंद पाकीटच आणू." मला तो दुकानदाराचा अपमान वाटतो. कोणाचं ऐकू?
– एक गृहिणी, ग्वाल्हेर

उत्तर: ताई, तुमची घालमेल मला कळते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण आपल्या नेहमीच्या दुकानातला मावा तपासावा असं वर्षानुवर्षं मनातही आलं नाही. एका दिवाळीत गुलाबजाम तळताना फुटायला लागले, तेव्हा चमचाभर मावा पाण्यात उकळला, गार केला आणि टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. वाटीत शाईसारखा निळा रंग पसरला. पिठूळ भेसळ! वाटी तशीच घेऊन दुकानात गेले. मालक चिडले नाहीत. म्हणाले, "बाईजी, माल भिंड से आता है, मैंने भी भरोसे पे लिया." त्यांचा चेहरा पडला होता. आपला विश्वास गल्ल्यावरच्या माणसावर असतो, मावा मात्र आपण कधी न पाहिलेल्या भट्टीवरून येतो.

सुनेचाही विश्वासच आहे, फक्त छापील पाकिटावर. सणासुदीला छाप्यांच्या बातम्या वाचून ती घाबरली, यात तिचं काय चुकलं? पण भीती दोघींनी नीट ओळखायला हवी. पिठाची भेसळ ही मुख्यतः फसवणूक. आजारी पाडतो तो उष्म्यात दोन-तीन दिवस टोपलीत पडलेला मावा, आणि तो आयोडीनने निळा होत नाही. "असली आहे ना?" असं सगळे विचारतात, "कधीचा आहे?" हे फार थोडे.

नुसत्या दिलाशाने भरवसा टिकत नाही. १९९० मध्ये ब्रिटनच्या कृषिमंत्र्यांनी गोमांस सुरक्षित असल्याचं दाखवायला कॅमेऱ्यांसमोर आपल्या चिमुकल्या मुलीपुढे बर्गर धरला. १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारला गाईंच्या 'मॅड काऊ' रोगाचा माणसांच्या आजाराशी संबंध असण्याची शक्यता कबूल करावी लागली. लोक कसे विसरतील?

सुट्या मिठाईपुढे 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, ती पाहा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्राहकालाही शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो.

मी अजून त्याच दुकानात जाते. मालक आता मावा कधी आला ते विचारायच्या आधीच सांगतात. यंदा सुनेला बरोबर न्या, आणि प्रश्न तिला विचारू द्या.