एक्सलचा बूट फाटला, पण सांधा वाचेल का?

प्रश्न : माझी छोटी मोटार फ्रंट व्हील ड्राइव्ह असून आठ वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात पंक्चर काढण्यासाठी उजवे चाक उतरवले, तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले दिसले. एक्सलचा चाकाकडचा बूट फाटल्याचे दाखवून मेकॅनिकने सबंध एक्सल बदलण्याचा सल्ला दिला. गाडीचा कसलाही आवाज येत नाही. दर महिन्याला आम्ही नांदुरीचा घाट चढून सप्तशृंगगडावर दर्शनाला जातो. ब्रेक पॅड मी स्वतःच बदलतो, तर नुसता बूट घरी बदलता येईल का? – एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : येईल, परंतु बूट बदलून भागणार आहे की नाही, हे हत्यारे बाहेर काढण्यापूर्वीच ठरवावे लागेल. बूट हे रबराचे घडीदार आवरण असून त्याची दोनच कामे आहेत : ग्रीस आत ठेवणे आणि धूळ-पाणी बाहेर ठेवणे. खरे मोल आहे ते आतल्या सीव्ही जॉइंटचे, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकावरील वाकणाऱ्या सांध्याचे. या सांध्यात सहा पोलादी गोळे आपापल्या खोबणीत सरकत असतात आणि त्यामुळेच चाक वळलेले असतानाही त्याच्यापर्यंत पोहोचणारी गती एकसारखी राहते. त्या खोबणीत मातीचे कण शिरले की ग्रीसचीच घासपेस्ट होते आणि पोलाद झिजू लागते. झिजलेल्या सांध्यावर नवा बूट चढवणे म्हणजे पैसे आणि रविवार दोन्ही वाया घालवणे होय.

म्हणून प्रथम एखाद्या मोकळ्या मैदानावर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून गाडी हळू वेगाने गोल फिरवावी, मध्येच थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा आणि मग दुसऱ्या बाजूला वळवून तेच करावे. वेगाबरोबर वाढणारा कट-कट आवाज आला, तर सांधा गेला असे समजावे. आवाज नसेल, तर फाटलेल्या जागेतून थोडे ग्रीस बोटावर घेऊन अंगठ्याने चोळून पाहावे. ते लोण्यासारखे गुळगुळीत लागले, तर आपण वेळेत जागे झाला आहात. रेती कचकचली किंवा ग्रीसमध्ये तांबूस गंजाचे पाणी दिसले, तर आपल्या मेकॅनिकचाच सल्ला योग्य आहे आणि त्याने आपल्याला फसवले असे मुळीच मानू नये.

आपल्या गाडीचा बाहेरचा बूट आधी फाटला यात नवल नाही. एक्सलच्या दुसऱ्या टोकाचा, गिअरबॉक्सकडचा सांधा थोडाच वाकतो, चाकाकडचा मात्र स्टिअरिंगबरोबर पुष्कळ वाकतो. घाटात ताशी 30 किलोमीटर वेगाने जाताना छोट्या गाडीचे चाक मिनिटाला सुमारे 280 वेळा फिरते, आणि वळणावर तितक्याच वेळा बुटाची प्रत्येक घडी उघडते व मिटते. चीर जवळजवळ नेहमी घडीच्या तळाशी पडते. दुसऱ्या चाकाच्या बुटाच्या घड्याही याच वेळी बोटांनी फाकवून पाहाव्यात.

आता कामाकडे वळू. एक्सल नट (चाकाच्या मध्यभागी एक्सलचे टोक धरून ठेवणारा मोठा नट) गाडी जमिनीवर उभी असतानाच, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून ढिला करावा. नटाची कड ठोकून खाचेत बसवलेली असेल, तर ती आधी सरळ करावी. त्यानंतर मागच्या चाकांना अडण लावून गाडी उचलावी आणि भक्कम स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली हात घालू नये, ही विनंती मी हात जोडून करतो.

चाक काढल्यावर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट सोडवावा, म्हणजे नकल (चाकाचा हब धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) बाहेर ओढून शाफ्टचे, म्हणजे एक्सलच्या दांड्याचे, टोक हबमधून काढता येते. नकल ओढताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाणार नाही, इकडे लक्ष असू द्यावे. काही गाड्यांत त्याऐवजी शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे बोल्ट काढावे लागतात. तसे केल्यास नंतर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे.

शाफ्ट गिअरबॉक्समध्येच राहू दिला, तर ऑइल सांडत नाही आणि नवशिक्याचा एक मोठा त्रास वाचतो. मात्र शाफ्ट बाहेर ओढला गेला, तर गिअरबॉक्सकडच्या सांध्याचे रोलर निसटू शकतात. म्हणून ठोकाठोकी करताना मदतनीसाने तो आत दाबून धरावा. जुने क्लिप व बूट कापून काढल्यावर ग्रीस पुसावे आणि सांध्याच्या आतल्या कड्यावर पितळी तुकडा ठेवून हातोड्याचा एक नेमका ठोका मारावा. गोळ्यांच्या पिंजऱ्यावर मारू नये. बहुतेक सांधे शाफ्टच्या खाचेतल्या सर्क्लिपवर (तारेच्या स्प्रिंगसारख्या कडीवर) अडकलेले असतात आणि अशा ठोक्याने सुटतात. काहींत मात्र सर्क्लिप पक्कडीने फाकवावी लागते, म्हणून आधी नीट पाहून मगच हातोडा उचलावा.

सांधा रॉकेलमध्ये घोळून धुवावा, पूर्ण वाळवावा आणि वाकवत-वाकवत प्रत्येक गोळा व खोबण उजेडात तपासावी. खोबणीवरून नख फिरवावे. ते कोठे खड्ड्यात अडकले, तर सांधा बदलावा.

धुण्याइतकीच काळजी ग्रीसबाबत घ्यावी. बूट किटमध्ये मिळणारे मॉलिब्डेनमयुक्त काळे ग्रीसच वापरावे, घरात पडलेले साधे पिवळे ग्रीस नको. लहान क्लिप आणि नवा बूट आधी शाफ्टवर चढवावा (घाईत हेच विसरते), नवी सर्क्लिप बसवावी आणि सांधा ठोकून तो ओढल्यावर सुटत नाही याची खात्री करावी. पुडीतले बरेचसे ग्रीस गोळ्यांमध्ये दाबून भरावे आणि उरलेले बुटात घालावे. मोठी क्लिप आवळण्यापूर्वी सांधा सरळ धरून बुटाच्या कडेखाली बोथट स्क्रू-ड्रायव्हर क्षणभर सरकवावा, म्हणजे कोंडलेली हवा निघून जाते आणि घड्या आत चिमटत नाहीत. क्लिपच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी बांधू नये. ती सुटली की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

शेवटी नवा एक्सल नट आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधील आकड्याइतकाच टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावा. अनेक छोट्या गाड्यांत हा आकडा 150 ते 250 न्यूटन-मीटरच्या घरात असतो. 200 न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे 20 किलो वजन टांगण्याइतका जोर. व्हील बेअरिंगचे आयुष्य याच नटावर अवलंबून असल्यामुळे येथे अंदाजाने काम भागवू नये आणि नट आवळल्याशिवाय गाडी चाकांवर ढकलूही नये. टॉर्क रेंच मिळत नसेल, तर माझे स्पष्ट मत आहे की किट आपण आणावे आणि काम मेकॅनिककडून करून घ्यावे. नुसता बूट बदलून द्या, असे त्याला सांगता येते.

प्रश्न : काहीही न उघडता चिकटवता येणारा, उभा चिरलेला बूट मिळतो. तो वापरावा का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : गावी अडकून पडल्यास घरी पोहोचण्यापुरता वापरावा. त्याच्या सांधणीला ग्रीसचा नुसता हात लागला तरी ती धरत नाही, आणि फाटलेल्या बुटाजवळ ग्रीस नाही अशी जागा सापडणे कठीण असते. शिवाय सांधा न धुताच झाकला जातो, त्यामुळे आत गेलेली माती आतच राहते. पावसाळ्यात तर त्यावर विसंबून त्र्यंबकेश्वरपर्यंतही जाऊ नये.