परदेशी लढाऊ विमान आपल्याच देशात बनवलं तर स्वस्त पडतं का?

नाही, बहुतेक वेळा महागच पडतं. थोड्या विमानांसाठी नवी उत्पादन साखळी, साचे, चाचणी-उपकरणं, कामगारांचं प्रशिक्षण हा सगळा खर्च त्या मोजक्या नगांवरच चढतो. जपानचं एफ-२ हे लढाऊ विमान अमेरिकेच्या एफ-१६ वर आधारलेलं, पण मूळ विमानापेक्षा कितीतरी महाग ठरलं. भारताच्या १२६ फ्रेंच राफेल विमानांच्या व्यवहारातली १०८ एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) या सरकारी कंपनीत बनायची होती. किंमत आणि दर्जाची जबाबदारी यांवर बोलणी अडली, आणि २०१६ मध्ये ३६ राफेल थेट फ्रान्सकडून घ्यायचा करार झाला.

तरी फक्त खरेदीची किंमत पाहू नका. विमान ३०-४० वर्षं उडतं. दुरुस्ती, सुटे भाग, सुधारणा देशातच होत असतील तर जादा पैसे देणं मला रास्त वाटतं. मात्र नुसती जुळणी नको, इंजिन आणि सॉफ्टवेअरचं ज्ञानही मिळायला हवं.