सुरुवातीच्या फ्रेटवर तार झणझणते

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक गिटारची जाड तार पहिल्या चार फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झणझणते, बाराव्यापुढे आवाज स्वच्छ आहे. पावसाळ्यात हे नव्हतं. ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो बॉडीवरचा आधार) उचलू का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : ब्रिजला अजून हात लावू नका. फक्त सुरुवातीला झणझण असेल तर बहुधा मान (गिटारचा लांब दांडा) गरजेपेक्षा सरळ झालेली असते. इंदुरात पावसाळी ओल जाऊन कोरडा उन्हाळा आला, की मानेचं लाकूड हलतं.

गिटार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेट आणि तार यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचं माप) मोजा. स्कूटरच्या टॅपेटला लागतं तेच गेज चालतं. फट ०.२ ते ०.२५ मिमी हवी. गेजचं ०.१ मिमीचं पातं तारेला उचलत असेल, तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या उलट दिशेने अष्टमांश फेरा सैल करा, पुन्हा सूर लावा, मोजा. पाना अगदी बरोबर मापाचाच घ्या. सैल पान्याने रॉडची खाच झिजली, तर साधं काम फार महागात पडतं.

मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची पाहा: जाड तार २ मिमी, बारीक १.५. नुसती मोकळी तार झणझणली तर नटमधली (मानेच्या टोकाची, तारा बसतात ती पट्टी) खाच खोल गेलीय; एकाच जागी झणझणली तर पुढची फ्रेट वर आलीय.