बाबा गेल्यापासून आई फिक्या साड्याच नेसते, टिकली लावत नाही, आरशापुढे उभी राहत नाही. तिला पुन्हा नीटनेटकं राहायला कसं सांगू?

सांगू नका. म्हणजे अगदी पहिल्यांदा तरी सांगू नका, कारण मी दीड वर्ष हेच सांगत होते आणि ती फक्त "बघू" म्हणायची.

आम्ही जयसिंगपूरचे. माझे बाबा 2019 ला गेले. दहाव्याला आईच्या हातातल्या बांगड्या कुणी फोडल्या, कुंकू कुणी पुसलं ते मला नीट आठवतंय पण त्यावर इथे लिहीत बसत नाही, घरातलीच माणसं होती आणि त्यांना वाटत होतं आपण रीत पाळतोय. त्यानंतर मला वाटायचं आईने स्वतःला शिक्षा करून घेतलीय. मग मी काय केलं तर सेलमधून एक छान राणी कलरची साडी आणली, ऑनलाइन दोन कुर्ते मागवले, आणि रोज मागे लागले की आई तयार हो, आई जरा बाहेर चल. साडी प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात गेली.

खरं काय ते एकदा कपाट आवरताना कळलं. वरच्या कप्प्यात दुखवट्यात आलेल्या साड्यांचा गठ्ठा होता, आठ की नऊ, सगळ्या मोतिया, राखाडी, फिकट जांभळ्या, कारण देणाऱ्याने आपल्या मनानेच ठरवलेलं असतं की आता हिला कुठला रंग चालेल. आई रोज हात घालून वरची साडी काढायची, बस. मी म्हटलं खालच्या जुन्या साड्या का काढत नाहीस तर म्हणाली, "अगं त्यांचे ब्लाउज कुठे होतायत मला आता?" त्या दोन वर्षांत ती इतकी बारीक झाली होती की जुने ब्लाउज खांद्यावरून उतरायचे, आणि दुखवट्याच्या साड्यांवर तिने दोन नवे शिवून घेतले होते तेवढेच अंगात बसत होते. एवढंच! आणि मी वर्षभर तिच्या मनाचे अर्थ लावत बसले होते.

आमच्या गल्लीतल्या टेलरकाकूंकडे सहा ब्लाउज नेले, त्यांनी टिपा मारून आत घेतले. पुढच्या आठवड्यात आईने स्वतःहून इरकल काढली, हिरवी, रुईफुलाच्या काठाची. बाबांनी लग्नानंतर इलकलहून आणलेली, ते गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. नेसता नेसता मला पदराचा जोड दाखवत होती, पदराचे लाल धागे वेगळे असतात आणि अंगाच्या ताण्याला एकेक फास घालून जोडतात, टोपतेनी म्हणतात त्याला, "हे ह्यांनी मला दाखवलेलं, दुकानात बसून." मी घाबरत होते की बाबांची साडी नेसून ती रडेल, तर ती त्या दिवशी बाबांबद्दल जेवढं बोलली तेवढं वर्षात बोलली नव्हती.

टिकलीचं मात्र तू तुझ्या हातात घेऊ नकोस असं तिने मला स्पष्ट सांगितलं. 2022 मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला, आमच्याच शिरोळ तालुक्यातलं गाव, मग सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. मी मोठ्या उत्साहाने आईला बातमी दाखवली. ती म्हणाली, ठराव चांगला आहे पण पाहुण्यांचं तोंड कोण बंद करणार. आता ती घरात बारीक मरून रंगाची टिकली लावते, लग्नाकार्यात नाही लावत, दोन काचेच्या बांगड्या कायम असतात, मंगळसूत्र नको म्हणते. मला हे सगळं अर्धवट वाटतं, पण अंग तिचं आहे. पाहुण्यांचं काम मी घेतलंय. आत्या "शोभतं का या वयात" म्हणाली तेव्हा मी म्हटलं, आत्या, ही साडी तुमच्या भावाची चॉइस आहे. गप्प बसली.

एक मात्र वेगळं बघा. आई जेवत नसेल, झोपत नसेल, चार चार दिवस अंघोळच टाळत असेल तर तो साडीचा प्रश्न नाही, डॉक्टरांना दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नाहीतर डोक्याला तेल लावून द्या, वेणी घालून द्या, ते कुठल्याही उपदेशापेक्षा बरं. आमच्याकडे रविवारी दुपारी तेच चालतं आणि ती माझ्याही केसांना नावं ठेवते.

तुमच्या आईचे ब्लाउज होतात का ते एकदा बघाच. आमच्याकडे आता संक्रांतीला चंद्रकळा काढायची म्हणतेय, हळदीकुंकवाचं बोलावणं येवो न येवो. पण तिचा फॉल उसवलाय, तो मला उद्या टाकून यायचाय.