गाजरं कडू लागतायत म्हणून फ्रीज बदलू नका

तुमची पोस्ट वाचून हसूच आलं, राग मानू नका. पेटीभर सफरचंदं भाजीच्या कप्प्यात ठेवली, तीन आठवड्यांत निम्मी पिठूळ झाली, शेजारची गाजरं कडू लागायला लागली, आता फ्रीज बदलू का, असं विचारलंयत. मी जवळजवळ बदललाच होता.

माझ्याकडे गाजरं कडू आणि वर काकड्याही पिवळ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला (नाव घेत नाही). पहिला मेकॅनिक गॅस भरून गेला. दुसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला. तिसऱ्याने दाराचं रबर. दर वेळी नवा तक्रार क्रमांक, दर वेळी पहिल्यापासून रामायण. तिघांनीही सफरचंदं हाताने बाजूला सारून आतली जाळी तपासली, पण कप्प्यात काय काय एकत्र ठेवलंय हे एकानेही विचारलं नाही! शेवटी वैतागून कप्पा उपसला, तर तळाशी एक सफरचंद, अंगठ्याएवढा तपकिरी खळगा पडलेलं, कागदाला चिकटून बसलेलं.

सफरचंद पिकताना इथिलीन वायू सोडतं. दबलेलं किंवा नासकं असेल तर जास्तच. नासक्या आंब्याने अढी नासते म्हणतात, ते इथे शब्दशः खरं. गाजराला हा वायू लागला की त्यात कडवट द्रव्य तयार होतं, काकडी आणि पालेभाजी पिवळी पडते. म्हणजे माझा फ्रीज पहिल्या दिवसापासून धडधाकट होता.

तेव्हा सफरचंदांना वेगळा कप्पा द्या. तो नसेल तर चार-पाच भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पिशवी. वायू पूर्ण अडत नाही, पण फळं सुरकुतत नाहीत. शून्य ते चार अंश उत्तम. मुळात मध्य आशियातल्या तिएन शान डोंगरांतलं फळ, थंडी त्याला मानवते. ठेवण्याआधी धुऊ नका, खाताना धुवा. पिकलंय का बघायला बोटाने दाबू तर अजिबात नका, तिथूनच पुढचा खळगा सुरू होतो. आठवड्यातून एकदा सगळी उलटून पाहा, डागाळलेलं आधी संपवा.

जातीचाही फरक पडतो. फुजी, ग्रॅनी स्मिथ महिनोन् महिने टिकतात. गाला लवकर पिठूळ होतं. शिवाय बाजारात येण्याआधीच बरीच सफरचंदं कमी ऑक्सिजनच्या शीतगृहात काही महिने काढून आलेली असतात. त्यामुळे 'ताजीच आणली होती' यावर माझा फारसा विश्वास नाही, पण हे आपलं माझं मत.

पिठूळ झालेली टाकू नका. फोडी करून, दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवून शिजवा, छान गर होतो. कच्च्या फोडी काळ्या पडतात म्हणून लोक लिंबू पिळतात. मला त्यापेक्षा मिठाचं पाणी बरं वाटतं: कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, दहा मिनिटं बुडवून ठेवायच्या, मग साध्या पाण्याने धुवायच्या.

मी ना शास्त्रज्ञ, ना मेकॅनिक. दूधही नासत असेल किंवा कप्प्यात पाणी साचत असेल, तर बिघाड खरा असू शकतो. तेव्हा मेकॅनिकला बोलवा, पण त्याआधी सफरचंदं बाहेर काढून आठवडाभर गाजरं एकटी ठेवून बघा.