बांधासमोर तिवरं लावली तर लाट किती मोडेल?

धरमतर खाडीकाठचा तुमचा खारबांध, म्हणजे खारं पाणी शेताबाहेर ठेवणारा बांध, दर उधाणाला खचतो. समोर तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं, लावली तर लाटा अडतील का आणि पट्टा किती रुंद हवा, असं तुम्ही विचारलंय. अडतील, पण कुठल्या लाटा ते आधी बघू.

वाऱ्याने उठणारी लाट आखूड असते. ती खोडामुळांच्या जंजाळात शिरली की जागोजागी भोवरे उठतात आणि जोर तिथेच जिरतो. १०० मीटर कांदळवनात, म्हणजे तिवर-कांदळासारख्या झाडांच्या वनात, अशा लाटेची उंची १३ ते ६६ टक्के घटल्याची मोजमापं आहेत. इतकी तफावत का, याचं मोठं कारण पाण्याची खोली. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वीतभर वर आलेली असतात. अर्ध्या भरतीला पाणी त्यांच्यातूनच वाट काढतं, तेव्हा लाट चांगली मोडते. उधाणाचं पाणी त्यांच्या डोक्यावरून जातं, मग आड येतात ती फक्त खोडं. पाणी आणखी चढून फांद्यापानांना टेकलं की अडथळा पुन्हा वाढतो. म्हणून खालपासून फांद्या फुटलेली, लहानमोठी मिसळलेली दाट झाडी हवी. कांदळाची कमानदार मुळं उंचावरून सुटतात, ती उधाणातही कामाला येतात.

उधाणाने किंवा वादळाने चढलेल्या पाण्याची पातळी ही मात्र वेगळी गोष्ट. ते पाणी कित्येक तास आत रेटत राहतं. वादळी फुगवटा किलोमीटरभर कांदळवनात साधारण ५ ते ५० सेंटीमीटरच उतरतो. त्यामुळे झाडं आली म्हणून बांधाची उंची कमी करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बांधावरून पाणी जाऊन तो फुटतो, की लाटांच्या माराने खाडीकडची बाजू ढासळते, हे आधी तपासा. पहिल्या प्रकारात भराव हवा, दुसऱ्यात तिवरं खरी उपयोगी. खेकड्यांची बिळं आणि गळकी उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) हे तिसरंच दुखणं, त्याला झाडांचा काही इलाज नाही.

रुंदीचं म्हणाल तर उत्तर व्हिएतनामचं उदाहरण बोलकं आहे. तिथे दीड किलोमीटर रुंद, सहा वर्षांच्या लागवडीत समुद्राकडची १ मीटरची लाट किनाऱ्याशी ५ सेंटीमीटरवर येते, झाडं नसती तर ती ७५ सेंटीमीटर राहिली असती, असा अभ्यासकांचा हिशोब होता. ओडिशात १९९९च्या महाचक्रीवादळात केंद्रापाडा जिल्ह्यातल्या ज्या गावांपुढे रुंद कांदळवन होतं, तिथे मृत्यू कमी झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. खाडीत दीड किलोमीटर कुठून आणणार? पण तिथे लाटाही खुल्या समुद्राएवढ्या नसतात. शंभरेक मीटर दाट पट्टा मिळाला तरी बांधावरचा मार जाणवण्याइतका कमी होईल.

लावण्याआधी बांधाच्या पायथ्याशी चिखल साचतोय की वाहून जातोय ते बघा. साचत असेल तर बी भरतीबरोबर आपणहून येतं, गुरं आणि जाळी तेवढी लांब ठेवा. चिखल तुटत असेल तर रोपं टिकणार नाहीत, सरकारी योजनेतली असली तरी. खुद्द बांधावर झाड वाढू देऊ नका आणि दुरुस्तीला वाट सोडा, कारण कांदळवन तोडण्यावर बंदी घालणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानंतर, वाढलेलं कांदळवन सहजासहजी तोडता येत नाही.

याच कारणाने बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटून वाट पडली, की लगेच बुजवा. दोन-तीन पावसाळे खारं पाणी शेतात खेळलं की तिवरं बांधाच्या आत उगवतात, आणि मग जमीन सातबाऱ्यावर तुमची असूनही भात लावायला परवानग्यांच्या मागे फिरावं लागतं.